उभ्या गाडीचा हिशेब

आमच्या गाडीचा हिशेब मी लिहितो. आप्पांचा एक दहाचाकी मालट्रक आहे. मालकही तेच आणि ड्रायव्हरही तेच. मी अकरावीला कॉमर्स घेतले त्या वर्षी त्यांनी तेलाचे डाग पडलेली एक लांबट वही माझ्या हाती दिली आणि म्हणाले, "हेच शिकतोयस न्हवं? मग आता तूच बघ." तेव्हापासून डिझेल, टोल, टायर, हमाली, दलाली, विमा आणि बँकेचा हप्ता हे सारे माझ्या अक्षरात उतरते. आप्पा फेरीवरून आले की खिशातून चिठ्ठ्यांचा चुरगळलेला गठ्ठा काढतात, मी तो उलगडून नोंदी करतो, आणि आई चहा आणून ठेवते. आमच्या घरातला हा एक लहानसा सोहळाच आहे म्हणा ना.

डिसेंबर २०२३ मध्ये त्या चिठ्ठ्यांत एक नवी नोंद दिसली : 'लॉज, ४०० रुपये.' एकाच फेरीत अशा तीन नोंदी! त्या सुमारास वर्गात खर्चाचे प्रकार शिकवून झाले होते आणि टाळता येण्याजोगा खर्च कोणता हे मला नुकतेच कळले होते. मी आप्पांना विचारले, "गाडीत झोपायला फळी आहे, मग लॉज कशाला?" आप्पा जरासे हसले आणि "बरं" म्हणाले. पुढे वहीत लॉजची नोंद कधी आली नाही. आपल्या शिक्षणाचा घरच्या धंद्याला उपयोग झाला, या विचाराने मी बरेच दिवस खूश होतो. त्या खुशीचे पुढे काय झाले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

जानेवारी २०२५. आमचा क्लीनर संक्रांतीसाठी गावी गेला होता, माझी परीक्षा संपली होती. तेव्हा मीच क्लीनर म्हणून गाडीत चढलो. निपाणीहून रिकामी गाडी सांगलीला नेली, तेथे हळदीची पोती भरली आणि पुणे, धुळे, सेंधवा, इंदूर, देवास असा हजारभर किलोमीटरचा रस्ता कापून आम्ही भोपाळला पोहोचलो. माल व्यवस्थित उतरला. परतीचे भाडे शोधण्यासाठी गाडी शहराबाहेरच्या ट्रान्सपोर्ट नगराकडे वळवली आणि तेथेच मागच्या धुऱ्यातून मोठा आवाज झाला. क्राऊन-पिनियन गेले होते. इंजिनाचा फेरा चाकांपर्यंत नेणारी ही दातेरी जोडी आहे. ती तुटली की इंजिन कितीही गुरगुरले तरी गाडी जागची हलत नाही. सुटा भाग इंदूरहून यायचा होता. मिस्त्रीने "दोन दिन" सांगितले. त्या दोन दिवसांच्या सात रात्री झाल्या.

लॉज तेथून फार लांब नव्हता. पण धुरा उघडून ठेवलेली गाडी रस्त्याकडेला सोडून जायचे कसे? बॅटऱ्या, स्टेपनी, ताडपत्री, टाकीतले डिझेल यांतले सकाळी काय शिल्लक राहील याची खात्री कोण देणार? आणि 'लॉज' हा शब्द उच्चारण्याचे तोंड मला कुठे होते?

तेव्हा केबिन हेच घर झाले. ज्यांनी मालट्रकची केबिन फक्त बाहेरून पाहिली आहे त्यांच्यासाठी तिचे वर्णन करतो. आमची गाडी जुनी. त्या काळी कारखान्यातून नुसती चासी विकत घ्यायची आणि वरची केबिन व हौदा बॉडी बांधणाऱ्यांकडून बांधून घ्यायचा, अशी सर्रास पद्धत होती. आमची केबिनही तशीच : आत लाकडी सांगाडा, बाहेर पत्रा. साडेसात फूट रुंद आणि पाच फूट खोल. समोर ज्योतिबाचा फोटो, त्याला प्लॅस्टिकची माळ, एक छोटा पंखा आणि आईने बांधलेले लिंबू-मिरची. सीटच्या मागे एक फळी, तिच्यावर एकाने झोपायचे. दुसऱ्याने सीटवर अंगाची घडी करायची. दोन सीटांच्या मध्ये इंजिनाचे झाकण असते. गाडी चालू असताना ते तव्यासारखे तापते, आणि गाडी थांबल्यावर तासाभरात आजूबाजूच्या पत्र्याइतकेच गार होते.

वीज म्हणजे दोन बॅटऱ्या. रात्री दिवा जास्त वेळ जाळला तर सकाळी गाडी सुरू व्हायची नाही, म्हणून अंधार पडला की आम्ही मोबाईलच्या उजेडात जेवायचो आणि मोबाईल चहाच्या टपरीवर चार्ज करायचो. पाणी ढाब्याच्या बोअरचे, पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये. स्वयंपाक गाडीच्या आडोशाला, लहान सिलिंडरवर. आप्पांच्या हातची भाकरी मी त्या आठवड्यात आयुष्यात प्रथमच खाल्ली. ती आईच्या भाकरीपेक्षा जाड असते, पण फुगते.

आता थंडीविषयी. भोपाळ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोठा तलाव येतो. थंडी येत नाही. पण हे शहर माळव्याच्या पठारावर सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि उत्तरेचे वारे सुटले की रात्री तेथे पारा भराभर उतरतो. जानेवारी १९३५ मध्ये तो ०.६ अंशांपर्यंत उतरला होता, अशी नोंद आहे. आम्ही होतो तेव्हा पाणी काही गोठले नाही, पण आम्हा निपाणीकरांना गोठवायला तेवढी थंडी पुरेशी होती. पत्र्याच्या घराचा एक गुण असा की बाहेरची थंडी ते जशीच्या तशी आत आणते. आपल्याच श्वासाची वाफ काचेवर बसते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. पहिल्या रात्री मी दोन स्वेटर, मफलर आणि बूट घालून झोपलो. झोपलो म्हणजे पडून राहिलो. शेजारी विजापूरकडची एक गाडी परतीच्या भाड्याची वाट पाहत उभी होती. तिच्या ड्रायव्हरने सकाळी हात चोळत आप्पांना म्हटले, "भाळ थंडी ऐत्री!" आपल्या मुलखाची ती कन्नड ऐकून परक्या गावात फार बरे वाटले.

मी आप्पांना सुचवले, रात्री इंजिन चालू ठेवले तर केबिन उबदार राहील. आप्पा म्हणाले, "तूच हिशेब कर." उभ्या गाडीचे इंजिन तासाला दीड-दोन लिटर डिझेल पिते. आठ तासांचे बारा ते सोळा लिटर, लिटरला नव्वदच्या वर भाव. म्हणजे एका रात्रीला हजाराहून अधिक. लॉजचे चारशे रुपये वाचवणाऱ्या मुलाने हा हिशेब मनातल्या मनात केला आणि तोंड मिटले.

तिसऱ्या रात्री वारा फार होता. फळीवर पडल्यापडल्या माझे दात वाजू लागले. ते थांबवता येत नव्हते. आप्पा उठले. त्यांनी टपरीवाल्याकडून थोडे कोळसे मागून आणले, तेलाच्या कापलेल्या डब्यात पेटवले, निखारा झाल्यावर डबा आत आणून इंजिनाच्या झाकणाजवळ ठेवला आणि दोन्ही काचा वर केल्या. "आता झोप गप," ते म्हणाले. केबिन पाच मिनिटांत ऊबदार झाली. तीन दिवसांत प्रथमच माझ्या पायांची बोटे मला जाणवली. आप्पांनी ती शेगडी स्वतःसाठी पेटवली नव्हती, माझ्यासाठी पेटवली होती, हे मी विसरू शकत नाही.

पुढचे मला तुटक आठवते. डोके जड झाले होते, पण ते प्रवासाने असेल असे वाटले. पोटात ढवळत होते. उठून पाणी प्यावे असे मनात आले, पण पाय उचलेनात, आणि त्याचे काही विशेष वाटलेही नाही. हीच त्यातली भयंकर गोष्ट आहे. भीती वाटतच नाही. गुंगी छान वाटते.

मग काचेवर जोरजोरात धपाटे पडू लागले. पहाटे भट्टी पेटवायला आलेल्या टपरीवाल्याला आमच्या बंद काचेआड लाल उजेड दिसला होता. "शीशा खोलो! अरे, मरना है क्या?" आप्पा कसेबसे दारापर्यंत पोहोचले आणि दार उघडताच खाली कोसळले. टपरीवाल्याने प्रथम शेगडीचा डबा ओढून रस्त्यावर फेकला, मग मला खांद्याला धरून खाली घेतले. विजापूरचा ड्रायव्हरही धावत आला. आप्पांना उलट्या झाल्या. आम्ही दोघे गार रस्त्यावर उघड्या हवेत बसलो. रात्रभर जिच्यापासून लपत होतो तीच गार हवा आम्ही तोंड उघडून पीत होतो. सकाळी दवाखान्यात नेऊन आम्हाला प्राणवायू लावला आणि दुपारी सोडले.

डॉक्टरांनी सांगितले ते येथे मुद्दाम लिहितो. बंद जागेत कोळसा जळतो तेव्हा त्याला हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० हून अधिक पटींनी घट्ट चिकटतो; मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू पोहोचत नाही. दर हिवाळ्यात उत्तर हिंदुस्थानात खोल्यांतून आणि ट्रकच्या केबिनांतून माणसे अशीच झोपेत जातात. थंड देशांत हौसेने चाकांच्या घरांत राहणारे लोक आहेत. त्यांच्या ट्रेलरांना जाड अस्तराच्या भिंती असतात आणि हा वायू साचला तर ओरडणारे एक छोटे यंत्र भिंतीवर लावलेले असते. आमच्या केबिनला तसे यंत्र नव्हते. टपरीवाला होता.

संध्याकाळी आम्ही त्याचे आभार मानायला गेलो. मी त्यांना चाचा म्हणू लागलो होतो. पैसे देऊ केले तर ते रागावले. उकळत्या चहाकडे बघत त्यांनी जे सांगितले ते माझ्या शब्दांत असे : १९८४ साली ते नऊ वर्षांचे होते आणि युनियन कार्बाइडच्या कारखान्याजवळच्या वस्तीत राहत होते. २ डिसेंबरची रात्र. थंडी होती, म्हणून सर्वांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. मध्यरात्रीनंतर डोळ्यांत मिरची गेल्यासारखे झाले आणि सारी गल्ली खोकत बाहेर पडली. जो तो धावत सुटला. ज्या बाजूला वायू जात होता त्याच बाजूला कित्येक जण धावले. धावताना श्वास जास्त लागतो, म्हणजे विषही जास्त आत जाते. तोंडावर ओले फडके धरले असते, तर बरेच लोक वाचले असते. पण हे त्या रात्री वस्तीला कोणी सांगितले नाही. त्यांची धाकटी बहीण त्या पहाटे गेली.

त्या रात्री कारखान्याच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले आणि पाच लाखांहून अधिक माणसे त्याच्या तावडीत सापडली, हे मी पुस्तकात वाचले होते. वाचून पाठही केले होते. चाचा एवढेच म्हणाले, "उस रात कोई बतानेवाला नहीं था. इसलिए मैं बता देता हूँ." हिवाळ्यात पहाटे टपरी उघडण्यापूर्वी ते उभ्या गाड्यांवरून एक चक्कर मारतात. बंद काचेआड निखारा दिसला की काच ठोकतात. काही ड्रायव्हर शिव्या देतात. चाचा दुसऱ्या गाडीकडे जातात.

आम्ही पोहोचण्याच्या काही दिवस आधी, १ जानेवारी २०२५ च्या रात्री, त्या कारखान्यात चाळीस वर्षे पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा बारा बंद कंटेनरांत भरून पीथमपूरला नेण्यात आला होता. ट्रान्सपोर्ट नगरात तोच विषय चालू होता. आप्पा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "ते कंटेनर पण कुणीतरी ड्रायव्हरच घेऊन गेला असंल की." मला ते सुचले नव्हते.

उरलेल्या चार रात्री आम्ही कशा काढल्या? त्याचे श्रेय रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांना आहे. तेथे गाडिया लोहारांच्या चार-पाच बैलगाड्या होत्या. आपल्याकडे विळे-कुऱ्हाडी करणारे घिसाडी येतात, त्यांच्यासारखाच यांचा धंदा. पुरुष सांडशीने तापले लोखंड धरतो आणि बायको घण घालते. १५६८ मध्ये चितोडगड पडला तेव्हा, गड परत मिळेपर्यंत घर बांधणार नाही, खाटेवर झोपणार नाही, अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनी घेतली, असे परंपरा सांगते. एप्रिल १९५५ मध्ये पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने पुन्हा चितोडगडावर नेले; पण सर्वांनाच काही घरे मिळाली नाहीत आणि कित्येकांची चाके रस्त्यावरच राहिली. चाकांवर राहण्याचा एवढा जुना अनुभव दुसऱ्या कोणाला असेल?

त्यांची भट्टी नेहमी गाडीच्या बाहेर, जमिनीवर. विस्तव असलेली एकही वस्तू गाडीत जात नाही. आमची हकिगत कळल्यावर तिथल्या एका म्हाताऱ्या आजींनी कपाळावर हात मारला. त्यांनी भट्टीच्या कडेला दोन विटा ठेवायला सांगितल्या. रात्री त्या तापलेल्या विटा गोणपाटात गुंडाळून पायांशी घ्यायच्या. दोन-तीन तास ऊब पुरते, तेवढ्यात झोप लागते. खाली गवताचा थर, त्यावर ताडपत्री, मग अंथरूण. कारण थंडी वरून येते त्यापेक्षा जास्त खालून येते. आणि खिडकीची काच चार बोटे उघडी. त्या चार बोटांतून वारा येई, सुरीसारखा येई. पण आता तो नकोसा वाटत नव्हता.

संक्रांत आम्ही तेथेच केली. आईने दिलेल्या डब्यातला तिळगूळ चाचांना, मिस्त्रीला, लोहारांच्या पोरांना वाटला. विजापूरच्या ड्रायव्हरने आपली पुडी काढून "एळ्ळु-बेल्ल तगोंडु एळ्ळु-बेल्लधांग इरोण" असे म्हणत माझ्या हातावर ठेवली : तीळगूळ घेऊन तीळगुळासारखे राहू या. आपण 'गोड बोला' म्हणतो, ते 'राहू या' म्हणतात. त्या थंडीत मला त्यांचे म्हणणे जास्त पटले.

सातव्या रात्रीनंतर भाग आला, गाडी दुरुस्त झाली, परतीचे भाडेही मिळाले. घरी आल्यावर मी वही उघडली. क्राऊन-पिनियन, मिस्त्रीची मजुरी, दवाखाना, चहा. हिशेब जुळला. मग मागची पाने चाळून मी डिसेंबर २०२३ ची ती तीन नोंदींची ओळ काढली. तिच्यानंतर आप्पांनी ग्वाल्हेर, नागपूर, जबलपूर अशा किती रात्री फळीवर काढल्या, याची नोंद कुठेच नव्हती. प्राप्तिकराच्या नियमाप्रमाणे भाड्याने चालवायच्या ट्रकवर दर वर्षी तीस टक्के घसारा धरता येतो. गाडी झिजते हे सरकारला मान्य आहे आणि माझ्या वहीलाही. ड्रायव्हरच्या झिजेसाठी रकाना नाही.

तसा विचार कोणीच करत नाही असे म्हणता येणार नाही. लडाखात डिझेल गोठते म्हणून इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांतही न गोठणारे डिझेल आणले. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालट्रकच्या केबिनीला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. चांगली गोष्ट आहे. पण आधीच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, आणि आमची त्यांतलीच एक. निदान आमच्या वहीपुरते माझ्या हातात होते ते मी केले. खर्चाच्या बाजूला 'मुक्काम' असा एक रकाना आखला आणि आप्पांना म्हटले, "थंडीत इथं आकडा दिसला पाहिजे." आप्पा पुन्हा "बरं" म्हणाले. त्यांच्या 'बरं'चा अर्थ मला अजून नीट लागत नाही. गेल्या हिवाळ्यात त्या रकान्यात पाच आकडे पडले. पाचच, पण पडले.

बाकीच्या रात्री ते गाडीतच झोपतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आता रात्री त्यांचा फोन आला की भाडे मिळाले का, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "आप्पा, काच किती उघडी हाय?"

"चार बोटं," आप्पा म्हणतात.

चाचांनी आम्हाला सांगितले, म्हणून मीही सांगतो. आपल्या कॉलेजात ज्यांचे वडील, काका, मामा गाडीवर आहेत असे पुष्कळ जण आहेत. त्यांनी आज रात्रीच फोन करून हे विचारावे.

— बी. कॉम., द्वितीय वर्ष